उपचार घेणारे मूल आणि त्याचे पुस्तक
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यास-पाठ)

१. प्रयोजन

वर्गातील एखादे मूल दीर्घ मुदतीच्या आजाराने शाळेस मुकले, म्हणजे हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करून शाळेचे त्याच्याविषयीचे कर्तव्य संपत नाही. ते मूल पटावर आहे तोवर ते आपले विद्यार्थी आहे, आणि विद्यार्थ्यास न समजलेले समजावून देणे हे तर शिक्षकाचे नित्याचेच काम होय. आजारी मुलास सर्वांत कमी समजलेली गोष्ट बहुधा त्याचा स्वतःचाच आजार असते. या पाठात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाचा व त्याच्या कुटुंबाचा विचार करावयाचा असून, त्यांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, ते कसे वाचावे, आणि तसे पुस्तक उपलब्ध नसेल तर शाळेने काय करावे, एवढाच मर्यादित प्रश्न आपण हाती घेत आहोत.

आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांस सिकलसेल या रक्तविकाराचा परिचय आहे. त्याची तपासणी कशी होते, कोणत्या मुलास कोणते कार्ड मिळते, हे आपण जाणतो. कर्करोगाचे तसे नाही. मुलांचा कर्करोग विरळा असल्यामुळे एका शिक्षकाच्या सबंध सेवेत असा विद्यार्थी एखादाच येतो, किंबहुना येतही नाही. म्हणूनच तो येतो तेव्हा शिक्षक, पालक आणि वर्ग असे तिघेही सारखेच गोंधळलेले असतात. धडगाव किंवा मोलगीकडील एखादे कुटुंब प्रथम नंदुरबारला उतरते, तेथून सुरतमार्गे आगगाडीने मुंबई गाठते, आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या दारात उभे राहते. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशाच्या सर्व भागांतून रुग्ण येतात. तेथील भाषा मराठी, हिंदी व इंग्रजी. घरची भाषा पावरी, भिली, मावची अथवा अहिराणी. डॉक्टर सांगतात ते वडिलांस अर्धे कळते, आईस त्याहून कमी कळते, आणि मुलास तर कोणी सांगतच नाही.

पुस्तकाने रोग बरा होत नाही, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. रोग औषधाने बरा होतो. परंतु औषध शेवटपर्यंत घेतले जाण्यासाठी घरातील माणसांस ते का घ्यावयाचे हे कळावे लागते, आणि ते कळण्याच्या कामी एक लहानसे, खरे बोलणारे, घरच्या भाषेतील पुस्तक फार उपयोगी पडते. या पाठाचा सारांश एवढाच आहे.

२. शिक्षकास आवश्यक तेवढी रोगाची माहिती

मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया. आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो त्यात रक्तातील पेशी तयार होतात. ल्युकेमियात तेथे अपक्व अशा पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींस जागा उरत नाही. त्यामुळे मूल फिके पडते, ताप वारंवार येतो वा हटत नाही, हाडे दुखतात, किरकोळ धक्क्यानेही अंगावर निळे डाग उठतात. ही लक्षणे अन्य आजारांतही दिसतात. सिकलसेलमध्येही मूल फिके पडते व हाडे दुखतात. तेव्हा निदान करणे हे डॉक्टरांचे काम, मुलास वेळीच आरोग्य केंद्रात पाठविणे हे आपले.

हा रोग संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, पाटी घेतल्याने तो दुसऱ्यास होत नाही. सिकलसेलप्रमाणे तो आईवडिलांकडून मुलाकडे येणारा विकारही सहसा नव्हे. मुलाच्या अथवा आईच्या हातून काही चुकले म्हणूनही तो होत नाही. या तीन वाक्यांची घरी व वर्गात वारंवार गरज पडते. शिक्षकाने ती पाठच करून ठेवावीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीन यांना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. संघटनेने २०१८ साली बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत असे लक्ष्य ठेविले. देशादेशांतील हा फरक का पडतो, याची जी कारणे संघटना देते त्यांत उशिरा होणारे निदान, औषधांची टंचाई यांबरोबरच एक कारण असे आहे की, चालू असलेला उपचार मध्येच सोडला जातो.

शाळेचा संबंध येथे येतो. मुलांत अधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाच्या प्रकारावरील उपचार साधारणतः दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिले काही महिने कठीण असतात. पण पहिल्या महिन्याभरातच बहुतेक मुलांच्या तपासणीत रोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. पुढे मूल जेवू लागते, खेळू लागते, केस परत येतात. उरलेला बराच काळ घरी राहून गोळ्या घ्यावयाच्या आणि ठरल्या दिवशी रुग्णालयात जावयाचे, असा असतो. याच काळात घरात प्रश्न उठतो: पोर तर बरे झाले, आता मुंबईस कशाला जावयाचे? पेरणी आलेली असते, किंवा ऊसतोडीसाठी गुजरातेत जाण्याचे दिवस असतात, घरी धाकटी भावंडे असतात. कोणी नातलग भगताकडे नेण्याचा सल्ला देतो. आणि औषध थांबते. शरीरात लपून राहिलेल्या पेशी मग पुन्हा वाढतात, आणि दुसऱ्या खेपेस त्यांना आवरणे पहिल्याहून पुष्कळच कठीण असते. मूल बरे दिसते तेव्हाही औषध का हवे, हे सांगणारे पान ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक म्हणून मोलाचे.

पालकांस धीर देण्यासाठी आणखी काही गोष्टी ठाऊक असाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रेल्वेच्या भाड्यात कर्करुग्णास व त्याच्या सोबत्यास सवलत मिळते. मुंबईत दादर येथे संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्णांची व नातलगांची सोय होते. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा मुलांच्या कुटुंबांस विनामूल्य निवारा देत आली आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी केल्यास पुढील मार्ग कळतो, आणि मराठी-हिंदीतील माहितीपत्रके असल्यास तेथेच मागून घ्यावीत.

३. मुलास सांगावे काय?

पुस्तकाच्या आधी हा प्रश्न येतो. पुष्कळ घरांत आजाराचे नावदेखील मुलासमोर उच्चारीत नाहीत. त्यामागे माया असते यात शंका नाही. परंतु मूल आंधळे नसते. आई पदराने डोळे पुसते, मामा एकाएकी पैसे देऊन जातो, शेजारच्या खाटेवरील मुलगा दुसऱ्या दिवशी दिसत नाही. हे सारे ते पाहते आणि आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावते. तो अर्थ बहुधा सत्याहून अधिक भयंकर असतो. आपण आंबे चोरले म्हणून, आईचे ऐकले नाही म्हणून हे झाले, असेही लहान मुलांस वाटते.

मराठीत या प्रश्नाचा उत्तम विचार 'श्वास' या चित्रपटात झाला आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवर संदीप सावंत यांनी २००४ साली तो काढला, आणि 'श्यामची आई'नंतर राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळविणारा तो दुसरा मराठी चित्रपट ठरला. कोकणातील एक आजोबा नातवास डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात आणतात. डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार, असे निदान होते. शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट त्या लहानग्यास सांगितलीच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. सांगावयाची कशी, हा आजोबांपुढील पेच. रुग्णालयातील समाजसेविका दोघांमध्ये दुवा होते. केंद्रसभेत हा चित्रपट एकत्र पाहून त्यावर चर्चा करण्यासारखी आहे. त्यातून शिक्षकाने घ्यावयाचा बोध असा की, मुलास सांगणे म्हणजे सारे एकदम सांगून मोकळे होणे नव्हे. त्याच्या शेजारी बसून, त्याला पेलेल तितके, त्याच्या शब्दांत सांगावयाचे असते, आणि सांगितल्यावर उठून जावयाचे नसते.

मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. निदान सांगण्याचा अधिकार आईवडिलांचा व डॉक्टरांचा आहे. त्यांनी काय सांगितले आहे ते विचारून घ्यावे, आणि त्यांच्या संमतीवाचून शिक्षकाने त्याच्या पलीकडे जाऊ नये. त्यांचे मन वळविण्याचा प्रयत्न अवश्य करावा. पण मुलासमोर नव्हे.

४. इतरत्र झालेली काही पुस्तके

या विषयावर परदेशांत जी बालपुस्तके निघाली त्यांतील काहींची ओळख आपणांस उपयोगी पडेल. ती आणवून घ्यावीत म्हणून नव्हे, तर पुस्तकात काय असावे हे त्यांवरून कळते म्हणून.

अमेरिकेत जेसन गेस नावाच्या शाळकरी मुलास लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला होता. या विषयावरील पुस्तकांतली मुले शेवटी मरतातच, याचा त्याला राग आला. जी मुले जगतात त्यांचे पुस्तक का नाही, असे त्याला वाटले. म्हणून त्याने स्वतःच एक लिहिले. १९८७ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवल्या होत्या. पुस्तकाच्या नावातील 'कॅन्सर' हा शब्ददेखील त्याने चुकीचाच लिहिलेला आहे. चित्रे त्याच्या भावांनी काढली. आपण वही तपासताना लाल शाईने ज्या चुका खोडतो, त्याच चुकांमुळे हे पुस्तक दुसऱ्या मुलास आपल्या बरोबरीच्या मुलाचे वाटले असेल, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

चार्ल्स शुल्झ या व्यंगचित्रकाराने १९९० साली 'व्हाय, चार्ली ब्राउन, व्हाय?' ही गोष्ट केली. दूरचित्रवाणीवर ती दिसली आणि पुस्तकरूपानेही निघाली. तीत जॅनिस नावाच्या मुलीस ल्युकेमिया होतो. तिचा वर्गमित्र लायनस तिला रुग्णालयात भेटून येतो, तर त्याची बहीण त्याच्यापासून दूर सरते, कारण तिला संसर्गाची भीती वाटते. जॅनिस शाळेत परत येते तेव्हा एक मुलगा तिच्या केस गेलेल्या डोक्याची थट्टा करतो. घरी जॅनिसच्या बहिणींस वाटते की, सर्वांचे लक्ष हिच्याकडेच आहे. संसर्गाची भीती, केसांची थट्टा आणि भावंडांची खंत या तिन्ही गोष्टी आपल्याकडील कोणत्याही गावात घडतील अशा आहेत. आजारी मुलाइतकाच त्याचा वर्ग हाही पुस्तकाचा वाचक असतो, हे या गोष्टीने दाखविले.

तिसरे उदाहरण पत्राचे. नऊ वर्षांच्या एका रुग्ण मुलाने डॉ. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांना जीवन व मृत्यू यांविषयी प्रश्न विचारले. त्यांनी त्याला रंगीत लेखणीने, चित्रे काढून एक लांबलचक उत्तर पाठविले, आणि पुढे १९७९ साली ते पत्र पुस्तिका म्हणून निघाले. मुलाच्या प्रश्नास मोठ्या माणसाने मनापासून दिलेले उत्तर, एवढ्यानेही पुस्तक होऊ शकते.

याउलट एक सावधगिरीचे उदाहरण. हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा लहान असलेली सडाको सासाकी ही मुलगी १९५५ साली ल्युकेमियाने वारली. कागदाचे सारस पक्षी करणाऱ्या सडाकोची एलिनॉर कोर यांनी १९७७ साली लिहिलेली गोष्ट जगभर वाचली जाते. शांततेच्या पाठासाठी ती फार सुंदर आहे. परंतु उपचार घेणाऱ्या मुलाच्या हाती ती विचार न करता देऊ नये. सडाकोच्या काळी या रोगावर टिकाऊ इलाज नव्हता, आज आहे. आणि गोष्ट मात्र मृत्यूपाशी संपते. आजार तोच असला म्हणून पुस्तक योग्य ठरत नाही.

५. पुस्तकाची निवड

वरील विवेचनावरून निवडीच्या कसोट्या अशा ठरतात.

(अ) पुस्तक खरे बोलणारे असावे. 'सुई मुळीच दुखत नाही' असे ज्यात आहे त्यावर पहिल्या सुईनंतर मूल विश्वास ठेवणार नाही. 'थोडा वेळ दुखते, तेव्हा आईचा हात घट्ट धरावा' हे खरे आणि उपयोगाचे.

(आ) आजाराचे वर्णन शिक्षा, शाप किंवा नजर लागणे असे नसावे. 'शूर मुलगा रडत नाही' अशीही शिकवण नसावी. रडू आलेल्या मुलास मग आपण हरलो असे वाटते.

(इ) रोजच्या गोष्टी त्यात असाव्यात: केस का जातात, तोंड का येते, गर्दीत का जाऊ देत नाहीत, काही औषधांनी चेहरा का सुजतो व भूक का वाढते. औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींस मारते. केसांच्या व तोंडातील पेशीही झपाट्याने वाढणाऱ्या. म्हणून त्यांनाही झळ पोहोचते, आणि औषध थांबल्यावर त्या पुन्हा वाढतात. एवढे तिसरीतील मुलासही समजते.

(ई) सर्व पुस्तके आजाराचीच नसावीत. रुग्णालयात फार थांबावे लागते, आणि थांबलेल्या मुलास हत्तीची, चोराची, हसविणारी गोष्टही हवी असते. शाळेच्या ग्रंथपेटीतून चार-पाच गोष्टींची पुस्तके मुंबईस जाणाऱ्या मुलासोबत द्यावीत आणि ती परत येण्याचा तगादा लावू नये. प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील बालकथा विनामूल्य मिळतात. त्या वडिलांच्या भ्रमणध्वनीवरही वाचता येतात.

(उ) वाचून दाखविता येईल असे पुस्तक असावे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. अनेक घरांत वाचता येणारी व्यक्ती म्हणजे आपलाच विद्यार्थी. आजारी मुलाने अथवा त्याच्या मोठ्या बहिणीने आईस पुस्तक वाचून दाखविले, म्हणजे डॉक्टरांचे म्हणणे आईपर्यंत मुलाच्या तोंडून पोहोचते. ओळी थोड्या, अक्षर मोठे, आणि प्रत्येक पानावर चित्र असणे म्हणून अगत्याचे.

६. पुस्तक तयार करणे

पावरी, भिली अथवा मावची बोलणाऱ्या मुलाने हाती घ्यावे असे या विषयावरील पुस्तक दुकानात सापडेल, या आशेवर बसू नये. ते शाळेत करता येते. कार्डशीटचे आठ तुकडे, दोरा, रंगीत खडू एवढे साहित्य पुरे. मजकूर एका बाजूस मराठीत आणि दुसऱ्या बाजूस घरच्या भाषेत लिहावा. घरच्या भाषेतील शब्द शिक्षकाने मनाने घडवू नयेत. मुलाच्या आजीस किंवा आईस विचारून, ते ज्या शब्दाने बोलतात तोच देवनागरीत लिहावा. रक्त, हाड, ताप, भीती यांसाठी प्रत्येक घरात शब्द आहेतच. 'केमोथेरपी'सारखा शब्द मात्र रुग्णालयात जसा ऐकू येतो तसाच ठेवावा, म्हणजे तेथे मूल तो ओळखील.

नमुन्यादाखल मजकूर पुढे दिला आहे. तो ल्युकेमियाच्या मुलासाठी आहे. अन्य प्रकारच्या कर्करोगात त्याप्रमाणे बदल करावा, आणि शक्य असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांस एकदा दाखवावा.

पान पहिले: मी ______. माझे गाव ______. माझ्या घरी ______ आहेत. (चित्र मुलाने काढावे.)

पान दुसरे: मला सारखा ताप येई. पाय दुखत. धावताना दम लागे. म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

पान तिसरे: हाडांच्या आत रक्त तयार होते. माझ्या हाडांत काही पेशी कच्च्याच राहिल्या आणि फार वाढल्या. शेतात तण माजते तशा. या आजाराचे नाव ल्युकेमिया.

पान चौथे: तो मला कोणी दिला नाही. माझ्यापासून कोणाला होणार नाही. मी काही वाईट केले म्हणून तो झाला नाही.

पान पाचवे: औषध तण मारते. थोडे पीकही सुकते. म्हणून माझे केस गेले, तोंड आले. ते परत नीट होईल.

पान सहावे: मला ताप आला तर लगेच सांगायचे. रात्र असली तरी सांगायचे.

पान सातवे: आता मी बरा दिसतो. तरी गोळ्या घेतो. कारण तणाचे बारीक बी डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर थांबा म्हणतील तेव्हाच थांबायचे. (येथे महिन्यांचे चौकोन आखावेत. प्रत्येक खेप झाली की मुलाने एक चौकोन रंगवावा.)

पान आठवे: मला भीती वाटते ती गोष्ट ______. मला आवडते ती गोष्ट ______. मला विचारायचे आहे ते ______.

आठवे पान रिकामे दिसते. वास्तविक तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मूल तेथे काय लिहील हे आपणांस ठाऊक नसते. 'मी मरणार काय?' असेही ते लिहील. त्यावर 'असे बोलू नये' म्हणून पान उलटू नये. 'तुला हे का वाटले?' असे विचारावे, शांतपणे ऐकावे, आणि आईवडिलांस व डॉक्टरांस कळवावे. 'तू बरा व्हावास म्हणून सर्वजण झटत आहोत, आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत' एवढे शिक्षक निश्चितपणे म्हणू शकतो. हमी देणे त्याच्या हाती नाही. जवळ असणे आहे.

भावंडासाठी एक वेगळे पान जोडावे. आईवडील मुंबईस असताना आजीजवळ राहिलेले भावंड बहुधा याच शाळेत असते, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. 'तुझी आई तुला विसरली नाही' हे वाक्य त्याच्या पुस्तकात असू द्यावे.

७. पाठ-टाचण

इयत्ता: चौथी. वेळ: ४० मिनिटे. पाठ: आपला सोबती परत येतो.

हेतू: आजारी सोबत्याविषयी खरी माहिती देणे, संसर्गाचा गैरसमज दूर करणे, त्याच्याशी नेहमीप्रमाणे वागण्याची तयारी करणे.

साहित्य: वर्गाने केलेले पुस्तक, सदाफुलीची एक डहाळी. (मुलाची व पालकांची संमती आधी घ्यावी. संमती नसेल तर नाव न घेता पाठ द्यावा.)

प्रस्तावना: मुलांस विचारावे, शेजाऱ्याकडून आपल्याला कोणते आजार होतात? सर्दी, खरूज, गोवर, कांजण्या अशी उत्तरे येतील. आईवडिलांकडून कोणता येतो? सिकलसेल. आणि हात मोडला तर तो कोणाकडून येतो? कोणाकडूनच नाही. फळ्यावर तीन रकाने करून ही उत्तरे लिहावीत, आणि ल्युकेमिया हा शब्द तिसऱ्या रकान्यात लिहावा.

विवेचन: पुस्तकाचे तिसरे, चौथे व पाचवे पान वाचावे. नंतर सदाफुली दाखवावी. शाळेच्या कुंपणाशी वाढणारे हे झाड मूळचे मादागास्करचे. त्याच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध १९६३ पासून अमेरिकेत अधिकृतपणे वापरात आले आणि ल्युकेमियावरील उपचारात आजही जगभर दिले जाते. मात्र झाडाची पाने विषारी आहेत. ती चघळल्याने वा काढा घेतल्याने रोग बरा होत नाही, अपाय होतो. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच द्यावे लागते. हे वाक्य मुलांकडून दोनदा म्हणवून घ्यावे, कारण ते घरोघर जावयास हवे.

याच वेळी भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव सांगावे. अमेरिकेत त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांस दिले. १९४८ साली त्यांनी १६ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ हटला होता. ती सुधारणा टिकली नाही. पण औषधाने हा रोग मागे हटतो हे प्रथमच दिसले, आणि आजचा उपचार तेथून वाढत आला.

उपयोजन: सोबत्याच्या डोक्यावर केस नसतील, तो टोपी घालून येईल, लवकर दमेल, त्याचा डबा वेगळा असेल. अशा वेळी आपण काय करू? मुलांकडूनच उत्तरे काढावीत. थट्टा करू नये तसेच सारखी विचारपूसही करू नये, हे त्यांच्या ध्यानात आणून द्यावे. खेळात त्याला पंच करता येईल, गुण लिहिण्यास सांगता येईल. शेवटी प्रत्येकाने त्यास एक पत्र लिहावे. 'लवकर बरा हो' एवढेच न लिहिता, वर्गात काय घडले, कोण पडले, नदीला पाणी किती आले, ते लिहावे.

शिक्षकासाठी सूचना: वर्गात किंवा गावात गोवर वा कांजण्या आढळल्यास त्याच दिवशी पालकांस कळवावे, उपचार घेणाऱ्या मुलास हे आजार जिवावरचे ठरू शकतात. शाळेत त्याला ताप आला तर गोळी देऊन वाट पाहू नये. तत्काळ पालकांस व आरोग्य केंद्रास कळवावे. लसीकरणाच्या दिवशी त्याच्या डॉक्टरांचा सल्ला असल्याखेरीज लस देऊ देऊ नये. काठीच्या होळीस किंवा सारंगखेड्याच्या यात्रेस जावे की नाही, हेही डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. टोपी काढण्याचा नियम त्यास लावू नये. त्याचे छायाचित्र किंवा पुस्तकाची पाने भ्रमणध्वनीवरील गटांत पाठवू नयेत. ते पुस्तक त्याचे आहे.

८. मूल परत न आल्यास

काही मुले परत येत नाहीत. त्या दिवशी वर्गास खरे सांगावे. 'तो झोपला' किंवा 'दूर गावी गेला' असे म्हटल्यास लहान मुलांस झोपेची व प्रवासाची भीती बसते. 'तो वारला; औषधांचा उपयोग झाला नाही; आता तो परत येणार नाही' असे साध्या शब्दांत सांगावे आणि मुलांस रडू द्यावे. वर्गाने लिहिलेली पत्रे व त्याने केलेले पुस्तक आईवडिलांस नेऊन द्यावे. ज्या पुस्तकातील चौकोन अर्धेच रंगले आहेत तेही द्यावे. त्यात त्यांच्या मुलाचे अक्षर आहे.

९. स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या ग्रंथपेटीतील पुस्तके पाहून, रुग्णालयात नेण्याजोगी पाच पुस्तके निवडा व निवडीचे कारण प्रत्येकी दोन ओळींत लिहा.

२. 'सिकलसेल आणि ल्युकेमिया' यांतील साम्य व भेद चौथीतील मुलास समजेल अशा दहा वाक्यांत मांडा.

३. नमुन्यातील सातव्या पानाचा मजकूर आपल्या वर्गातील मुलांच्या घरच्या भाषेत, गावातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या मदतीने लिहून आणा. पुढील केंद्रसभेत तो मोठ्याने वाचावा. तीच भाषा बोलणाऱ्या शिक्षकांनी शब्द पारखून घ्यावेत.

४. पालक मुलास आजाराचे नाव सांगू देत नाहीत, अशा प्रसंगी शिक्षकाने त्यांच्याशी कसे बोलावे? दोन शिक्षकांनी मिळून संवाद लिहावा.

५. आपल्या पटावर दीर्घ आजाराने गैरहजर असलेले मूल असल्यास, या महिन्यात त्याच्या घरी एकदा जाऊन या. जाताना त्याच्या वर्गाची पत्रे सोबत न्यावीत.